चालतं वजन

बाजारात त्याला सगळे छटाक म्हणत. सोळाव्या वर्षी तो वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या उस्तादाच्या हाताखाली लागला, तेव्हा अंगाने इतका वाळका होता की उस्तादाने पहिल्याच दिवशी त्याला काट्यावर उभं केलं आणि म्हणाला, "हे तर छटाकभरसुद्धा भरत नाही." नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे माणूस फुगत गेला, नाव तेवढंच राहिलं. एकसष्टाव्या वर्षी छटाकचं वजन एकशे एक किलो होतं, आणि खरं सांगायचं तर ते त्याच्या धंद्याला फार सोयीचं होतं.

गोदामातला जमिनीवरचा मोठा काटा दुरुस्त झाला की तो बरोबर बोलतो का, हे पाहायला वीस-वीस किलोची लोखंडी वजनं न्यावी लागतात. छटाक ती नेत नसे. रोज सकाळी स्वतःच्या दुकानात, सरकारी शिक्क्याच्या वजनांशी ताडून घेतलेल्या काट्यावर तो अनवाणी उभा राही, आकडा पाही आणि मगच बाहेर पडे. गोदामात काम झालं की चपला आणि हत्यारांची पिशवी बाजूला ठेवून प्लॅटफॉर्मवर चढे, चारी कोपऱ्यांवर पाळीपाळीने उभा राही आणि मालकाला विचारी, "मी म्हणजे एकशे एक. तुझा काटा काय म्हणतो?" काटा शंभर म्हणाला तर काटा चुकीचा. दुकानदार त्याला चालतं वजन म्हणत. अनेक वर्षं अर्ध्या बाजाराचं धान्य, लोखंड, रद्दी त्याच्या पोटाच्या भरवशावर तोललं जात होतं.

मग मुलीची मूत्रपिंडं गेली.

मुलगी छत्तीस वर्षांची, शाळेत गणित शिकवणारी. लग्न केलं नव्हतं; विचारलं तर म्हणायची, "उत्तर पूर्णांकात येत नाही." रक्तदाब वाढला होता तो कुणाच्या लक्षात आला नाही, आणि आला तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं सुकून गेली होती. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास, हाताला नळ्या लावून ती डायलिसिसच्या यंत्राशेजारी पडून राहू लागली. माणसाच्या अंगात साठलेलं पाणी आणि विष ते यंत्र काढून घेतं. म्हणून दिवसभरात प्यायला जेमतेम पाऊण लिटर पाणी. एका लहान जगमध्ये ते सकाळी भरलं जाई आणि रात्री झोपेपर्यंत पुरवलं जाई.

आईचा रक्तगट जुळला नाही. बापाचं सगळं जुळलं. रिपोर्ट आले त्या दिवशी छटाक खुर्चीतून अर्धा उठलाच होता, जणू लगेच टेबलावर जाऊन आडवं व्हायचं आहे. सर्जनने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"काका, किडनी तुमची झकास आहे. तिच्याभोवतीचा माणूस जास्त आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे साडेशहाऐंशीच्या खाली या. त्याशिवाय आमची समिती परवानगी देत नाही. साखरही काठावर आहे, ती उतरवा. आणि उपाशी राहून नाही हं. तुमच्या वयात घाईने उतरवलेलं वजन महागात पडतं. हळूहळू."

"हळूहळू म्हणजे किती?"

"आठ महिने. नऊ महिने."

"आणि तिच्याकडे आहेत का तेवढे?"

सर्जनने मुलीची फाईल उघडली, दोन पानं उलटली आणि पुन्हा मिटली. "म्हणूनच म्हणतो, आजपासून."

*

आहार ठरवून देणाऱ्या बाई वरच्या मजल्यावर बसत. वयाने मुलीपेक्षाही लहान, आवाज मात्र हेडमास्तरचा. त्यांनी एक कागद लिहून दिला. डाव्या बाजूला बंद करायच्या गोष्टी: पाव, भात, बटाटा, साखर, बिस्किटं, फळांचा रस. उजव्या बाजूला चालणाऱ्या: अंडी, मासे, चिकन, कोबी, पालेभाज्या, दही, मूठभर शेंगदाणे. खाली दोनदा अधोरेखित: रोज तीन लिटर पाणी.

"बाई, डावीकडचं मी आयुष्यभर खाल्लंय. उजवीकडचं तोंडी लावायला."

"आता उलटं करायचं, काका."

छटाकने कागदाची चौघडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. तिथेच ती आठ महिने राहिली. घामाने तिच्या कडा मऊ पडल्या.

पहिल्या पंधरवड्यात चार किलो झरझर उतरले आणि डोकं ठणकायला लागलं. दिवसाला बारा दुकानं, प्रत्येक दुकानात तीन चमचे साखरेचा चहा, असा त्याचा जन्म गेला होता. आता बिनसाखरेचा कडू घोट घेताना तो दुकानदाराच्या तोंडाकडे बघत राही. कुणाचंही काहीही ऐकून त्याच्या नाकाला मिरच्या झोंबत. एका रद्दीवाल्याने सहज म्हटलं, "छटाक, आता कुठे नावाला जागायला लागलास," तर काटा तसाच उघडा टाकून तो निघून आला.

बाईंनी सांगितलं, ते चार किलो पाण्याचे होते. खरं उतरणं आता सुरू होईल आणि ते मुंगीच्या पावलांनी होईल. तसंच झालं. आठवड्याला अर्धा किलो, पुढे चारशे ग्रॅम, मग तीनशे. मुलीने स्वयंपाकघराच्या दारावर आलेखाचा कागद चिकटवला. दर रविवारी ती बापाच्या वजनाचा एक ठिपका मांडायची आणि पट्टी धरून रेघ ओढायची.

"बाबा, उतार बघा. असाच राहिला तर चोवीस आठवडे."

"आणि नाही राहिला तर?"

"तर मी दुसरा कागद आणते."

ती हसून बोले. दम लागतो म्हणून वाक्यं तोकडी करत असे, हे बापाला कळत होतं.

घरात एक विचित्र रीत पडून गेली. बायको पाव खायची ती ओट्याकडे तोंड करून, उभ्याने, पाठ नवऱ्याकडे. छटाक पाणी प्यायचा ते स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन. तीन लिटर पाणी पोटात ढकलायचं आणि पलीकडच्या खोलीत पोरीने बर्फाचा एक खडा जिभेवर धरून अर्धा तास काढायचा. नळ सोडताना तो पेला तिरका धरी, म्हणजे आवाज होणार नाही. तिघंही एकमेकांपासून काहीतरी लपवून खात-पीत होते आणि तिघांनाही ते माहीत होतं.

बाजारात वेगळीच पंचाईत झाली. पूर्वी एकशे एक हा आकडा साऱ्यांच्या डोक्यात बसलेला. आता रोज नवा.

"आज किती रे तू?" गोदामवाला विचारी.

"चौऱ्याण्णव सहाशे."

"परवा चौऱ्याण्णव आठशे म्हणालास. आम्ही कशावर विश्वास ठेवायचा, काट्यावर की तुझ्यावर?"

शेवटी वीस-वीस किलोची लोखंडी वजनं हातगाडीवर घालून फिरणं त्याच्या नशिबी आलं. जितका तो हलका होत गेला तितकं त्याला जास्त वाहावं लागलं.

पाचव्या महिन्यात एक्याण्णवला काटा थांबला. एक रविवार, दोन, तीन. ठिपके आडवे जाऊ लागले. त्याच आठवड्यात बेकरीतला कणीक तोलायचा काटा बिघडला. भट्टीसमोर तास-दीड तास काम झालं. बेकरीवाल्याने नुकताच काढलेला पाव कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिला. "घरी ने. पोरीला दे." छटाक फाटकाबाहेर येऊन उभा राहिला. पावाची ऊब कागदातून तळहातात उतरत होती. त्याने एक कोपरा मोडला. आतून वाफ निघाली. त्याला वाटलं, तीन आठवडे काही खाल्लं नाही तरी आकडा हलत नाही, मग खाल्लं तरी काय बिघडणार? पाव थंड होईपर्यंत तो तसाच धरून उभा होता. मग आत गेला, तो फळीवर ठेवला आणि निघून आला. बेकरीवाला नंतर सगळीकडे सांगत सुटला की छटाक सुतकात असल्यासारखा पावाकडे बघत होता.

चौथ्या रविवारी ठिपका पुन्हा खाली सरकला. दोनशे ग्रॅम.

*

आठव्या महिन्यात सर्जनचा निरोप आला. एकोणीस तारखेला शस्त्रक्रियेची जागा मोकळी आहे. त्याच्या अकरा दिवस आधी, आठ तारखेला, समितीच्या कागदावर वजन लागेल. आणि तेही बाईंच्या खोलीतल्या लहान काट्यावरचं नाही, डायलिसिस विभागातल्या शिक्क्याच्या मोठ्या काट्यावरचं. बसलं तर एकोणीस नक्की. नाही बसलं तर ती तारीख रांगेतल्या पुढच्या जोडीला.

आणि याच सुमारास मुलगी बिघडायला लागली. पाऊल सुजून चप्पल चढेना. जिना चढताना ती दोनदा थांबे. आडवं झालं की छातीत पाणी भरल्यासारखं होई, म्हणून तीन उशा लावून बसल्या-बसल्या झोपायची. विभागातला तंत्रज्ञ चांगला पोरगा होता, पण तोही वैतागला.

"ताई, यंत्र काट्यावर चालतं. येताना वजन, जाताना वजन. तुमचं कोरडं वजन, म्हणजे साठलेलं पाणी काढल्यावरचं, पन्नास. पन्नासला आणूनच मी तुम्हाला सोडतो. तरी सूज? घरी गुपचूप पाणी पिताय का?"

"नाही हो."

"सगळे नाहीच म्हणतात."

हे बोलणं छटाकने ऐकलं. त्या संध्याकाळी मुलगी डोळे मिटून पडली असताना त्याने तिचा जग उचलला, उजेडाकडे धरला आणि पाण्याच्या पातळीला बाहेरून पेन्सिलने बारीक रेघ मारली. दुसऱ्या दिवशी आणखी एक. तिसऱ्या दिवशी तिने जग हातात घेतला आणि तशीच धरून राहिली.

"बाबा, माझं पाणी मोजताय?"

छटाकने पेन्सिल खिशात सारली.

"मोजा. तुमचा धंदाच आहे."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

*

आठ तारखेला सकाळी दुकानातल्या काट्यावर तो अनवाणी उभा राहिला. सत्त्याऐंशी किलो चारशे. नऊशे ग्रॅम जास्त. उतरला, शिक्क्याची वजनं ठेवून काटा तपासला, पुन्हा चढला. सत्त्याऐंशी चारशे.

घरी बायकोने त्याला न्हाव्याकडे पिटाळलं. "मिश्या काढा. केस काढा. नखं काढा."

"त्याने नऊशे ग्रॅम होतात का?"

"तुम्ही काढा तर. बोलू नका. आणि तो जाड सदरा नको, पातळ घाला."

"पाणी?"

एक पेला म्हणजे दोनशे ग्रॅम. दोन दिवस घसा कोरडा ठेवला असता तर आकडा बसला असता. पण त्याच दिवशी रक्तही घेणार होते, आणि बाईंनी आधीच दम दिला होता: पाणी तोडून आलात तर मूत्रपिंडाचेच आकडे बिघडतील, आणि मग वजन बसूनही घरी जाल. छटाक ओट्याशी उभं राहून चार पेले पाणी प्यायला. प्रत्येक घोट तो घशातून नव्हे, काट्यावरून जात असल्यासारखा मोजत होता.

विभागात सोळा पलंग. मुलगी खिडकीजवळच्या पलंगावर, हाताला नळ्या, डोक्याखाली उशांची चळत. काचेच्या दारातून तिने बापाची सफाचट मिशी पाहिली आणि त्या अवस्थेतही तिला हसू फुटलं. दारालगतच जमिनीत बसवलेला काटा होता, चाकांची खुर्चीसुद्धा चढेल एवढा. आहाराच्या बाई कागद घेऊन उभ्या होत्या.

"चला काका. चपला काढा."

छटाक चढला. आकडे फिरले, थरथरले, थांबले.

पंच्याऐंशी किलो नऊशे.

"काका!" बाईंनी टाळी वाजवली. "सहाशे ग्रॅम खाली! बघा, मी म्हटलं नव्हतं?"

काचेपलीकडून मुलीने भुवया उंचावल्या. बाईंनी तिला अंगठा दाखवला. मुलीने मोकळा हात छातीवर ठेवला, डोळे मिटले आणि तिच्या डोळ्यांच्या कडेने पाणी ओघळलं. छटाकने ते पाहिलं. जमलं. आठ महिने, आणि जमलं.

तो खाली उतरला आणि सवयीने त्याची नजर आकड्यांवर गेली. आकडे शून्यावर यायला रेंगाळले. दोनशेवर थांबले, शंभर, मग शून्य.

त्याने मनात हिशेब मांडला.

सकाळी सत्त्याऐंशी चारशे. त्यानंतर चार पेले पाणी, तेवढंच लघवीला गेलेलं, मूठभर केस. दीड किलो कुठे गेले? असं कोडं त्याने आयुष्यभर रोज सोडवलं होतं, आणि त्याचं उत्तर एकच असे. मी म्हणजे सत्त्याऐंशी चारशे. तुझा काटा काय म्हणतो?

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "इथे वजन लिहिते, खाली तुमची सही."

गप्प बस, असं तो स्वतःलाच म्हणाला. अकरा दिवस. एकोणीसला हिच्या पोटात चालती किडनी बसली की हिला कुणाचा काटा लागतोय? आज सही कर. उद्या ये. परवा ये. तंत्रज्ञाच्या कानात सांग की काटा जरा बघ बाबा. दीड किलोने टेबलावर काही आभाळ कोसळणार नाही, सर्जनही हेच म्हणेल. ती रडतेय तिकडे. तिला आता काय सांगणार तू?

आणि तेवढ्यात दुसरी गोष्ट त्याच्या ध्यानात आली आणि तिने पहिलीला धक्का देऊन बाजूला सारलं. यंत्र काट्यावर चालतं. काटा दीड किलो कमी बोलतोय. म्हणजे पन्नासला आणून सोडतो असं पोरगा म्हणतो तेव्हा ती साडेएक्कावन्नला घरी येते. दीड लिटर पाणी. पायात, छातीत, तीन उशांखाली. ती पाणी पीत नव्हती. पाणी तिच्या अंगातून काढलंच जात नव्हतं, आणि बाप जगवर रेघा मारत बसला होता.

तंत्रज्ञ पुढच्या पाळीच्या एका म्हाताऱ्याला खुर्चीवरून ढकलत काट्याकडे आणत होता. म्हातारा तोंड उघडं टाकून श्वास घेत होता. त्याच्या पायांवर सुजेने चकाकी आली होती.

"बाई, लिहू नका," छटाक म्हणाला.

"काय झालं?"

"हा काटा कमी बोलतोय. मी सत्त्याऐंशी चारशे आहे."

बाई एक पाऊल जवळ आल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "काका, वर शिक्का आहे. पुढच्या वर्षापर्यंतचा. तुमचं वजन बसलंय. कळतंय ना मी काय म्हणते?"

"कळतंय. शिक्का काट्याला मारतात, जमिनीला नाही मारत. ही खालची चादर कधी घातली?"

जमिनीवर नवी, गुळगुळीत, निळसर रबरी चादर चिकटवलेली होती. तंत्रज्ञ खुर्ची थांबवून म्हणाला, "झाले तीन आठवडे. का?"

छटाक गुडघ्यांवर बसला. आठ महिन्यांपूर्वी तो असा बसू शकला नसता. खिशातून त्याने बाईंचा चौघडी केलेला कागद काढला, उलगडला आणि त्याची कड प्लॅटफॉर्म आणि जमीन यांच्यामधल्या फटीत घालून हळूहळू सरकवायला लागला. एक बाजू, मोकळी. दुसरी, मोकळी. तिसऱ्या बाजूला, भिंतीच्या अंगाला, कागद अडला. पुढेही जाईना, मागेही येईना.

"इथे बघा. चादरीची कड फुगून वर आलीय. प्लॅटफॉर्म तिच्यावर टेकतोय. माणसाचं थोडं वजन काटा घेतो, थोडं ही कड घेते. काट्याचा दोष नाही."

"काका, हात लावू नका हं," तंत्रज्ञ घाईने म्हणाला. "हे हॉस्पिटलचं सामान आहे. माझी नोकरी जाईल."

"मी नाही लावत. तुम्ही लावा. पट्टीभर कापा फक्त."

"आणि तुमचं म्हणणं चुकीचं निघालं तर?"

"तर मला हाकलून द्या, आणि बाई पंच्याऐंशी नऊशे लिहितील. माझं काय वाईट होणार आहे त्यात?"

पोरगा घुटमळला. मग ट्रेमधली कात्री घेऊन वाकला. कड कापताना रबराचा करकर आवाज झाला. कापलेली पट्टी बाहेर ओढली आणि रिकामा काटा एकदम हालला, शून्याच्या वर गेला आणि परत शून्यावर येऊन बसला.

"आता चढा," तो म्हणाला.

छटाक चढला. आकडा थरथरलासुद्धा नाही.

सत्त्याऐंशी किलो चारशे.

तंत्रज्ञाने कात्री ट्रेमध्ये टाकली. त्याने सोळा पलंगांकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या म्हाताऱ्याकडे. "दिवसाला तीन पाळ्या," तो पुटपुटला. "तीन आठवडे." आणि डॉक्टरांना बोलवायला पळत सुटला.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. पुन्हा काढलं. पुन्हा लावलं. काचेपलीकडून मुलगी बघत होती. कुठे काहीतरी फिसकटलं एवढंच तिला कळलं होतं.

*

पुढच्या तासाभरात धावपळ झाली. ज्यांच्या नळ्या अजून जोडायच्या होत्या त्या सगळ्यांना पुन्हा तोललं. मुलीच्या यंत्रावरचा आकडा डॉक्टरांनी स्वतः वाढवला. सगळं पाणी एकदम नको, आज निम्मं, परवा उरलेलं. म्हाताऱ्याला तर अतिदक्षता विभागात हलवावं लागलं.

सर्जन स्वतः खाली आले. त्यांनी छटाकच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात पाहूनच छटाकला पुढचं कळलं.

"मला नऊशे ग्रॅमचं काही नाही, काका. पण कागद समितीकडे जातो आणि समिती माणूस बघत नाही, आकडा बघते. एकोणीसची तारीख मला दुसऱ्या जोडीला द्यावी लागेल."

"पुढची?"

"पाच आठवड्यांनी पुन्हा वजन. बसलं तर त्यानंतर अकरा दिवसांनी शस्त्रक्रिया."

"ती पाच आठवडे..."

"आता पाणी नीट निघेल. तिला तग धरता येईल. आज सकाळी हे विचारलं असतंत तर मी छातीवर हात ठेवून सांगू शकलो नसतो."

घरी बायको दार उघडूनच उभी होती. ऐकून घेतलं आणि तिथेच उंबऱ्यावर बसली.

"अहो, अकरा दिवस. अकरा दिवस तोंड मिटून बसता आलं नाही तुम्हाला?"

"अगं, तिच्याच छातीत..."

"तिच्यापुरतं सांगायचं होतं! तिच्यापुरतं सांगता आलं नसतं?"

"काटा एकच आहे."

ती उठली, आत गेली, पाव काढला आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. पण खाल्ला नाही. बराच वेळ तशीच उभी राहून तिने तो परत डब्यात टाकला आणि झाकण इतकं जोरात लावलं की आलेखाचा कागद दारावर फडफडला.

दुसऱ्या फेरीनंतर मुलगी दोन उशांवर झोपली. पुढच्या आठवड्यात एका उशीवर. छटाक रात्री उठून तिच्या दाराशी जाई आणि तिचा श्वास ऐके. तो आता आडवा, लांब, निवांत येत होता. एका सकाळी तो तिचा जग घेऊन बसला आणि पेन्सिलीच्या रेघा अंगठ्याने पुसायला लागला.

"राहू द्या," ती मागून म्हणाली.

"नको. घाण दिसतंय."

"बाबा, तुमचे आज तीन लिटर झाले?"

"होतील."

"इथेच प्या."

"अगं, आतमध्ये..."

"आत नळ सोडता तो मला ऐकू येतो. पेला तिरका धरला तरी. वर्गात मागच्या बाकावरचं ऐकू येतं मला. बसा इथे."

तो बसला. तिने पेला भरून त्याच्या पुढ्यात ठेवला आणि समोरची खुर्ची ओढली. तो पाणी प्यायला. ती त्याच्याकडे बघत नव्हती, पेल्याकडे बघत होती, आणि रिकामा झाल्यावर तिनेच तो पुन्हा भरला.

पाच आठवडे. उतार आता आठवड्याला दोनशे ग्रॅमचा. गणित दोघांनाही येत होतं: पाच गुणिले दोनशे म्हणजे एक किलो, साडेशहाऐंशीला यायला लागणार नऊशे. शंभर ग्रॅमची फट. बायकोने घरात पाव आणणंच बंद केलं. कुणी विचारलं तर म्हणे, दात दुखतात. दुसऱ्या आठवड्यात ठिपका हलला नाही. तिसऱ्यात तीनशेने उतरला. चौथ्यात छटाक चालत-चालत बाजाराच्या त्या टोकाला जाऊ लागला, लोखंडी वजनांची हातगाडी ढकलत, आणि गोदामवाले म्हणू लागले, "अरे, घोडा ठेव एखादा."

ठरल्या दिवशी मिश्या परत उगवल्या होत्या. बायकोने वस्तरा पुढे केला. त्याने मान हलवली. हॉस्पिटलमध्ये त्याने हातगाडी डायलिसिसच्या दारापर्यंत नेली. आता कुणी अडवलं नाही; तंत्रज्ञाने स्वतः एक वजन उचलायला हात लावला. वीस, चाळीस, साठ, ऐंशी. काटा ऐंशी म्हणाला. कोपऱ्यांवर सरकवून पाहिलं. ऐंशी. वजनं उतरवली, चपला काढल्या.

काचेपलीकडे मुलगी उशीवरून मान उचलून बसली होती. बायको तिच्या पलंगाशी, पदर तोंडाला लावून.

छटाक चढला. समोर बघायचं नाही असं त्याने घरून ठरवून आणलं होतं, आणि तो बघत राहिला.

शहाऐंशी किलो चारशे.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "लिहू?"

"लिहा."

त्यांनी लिहिलं. छटाकने मुलीकडे बघून बोटं वर केली, आधी आठ, मग सहा, मग चार. तिने मोकळ्या हाताने हवेतच एक ठिपका मांडला. तो काट्यावरून उतरला आणि मागे वळून पाहिलं. आकडा शून्यावर आला होता. लगेच आला, रेंगाळला नाही.